इंटरनेट कॉलिंगवाले विरुद्ध नियामक: भांडण नेमकं कुठे सुरू होतं? (पुण्यातल्या कार्यालयांसाठी)

तारघर

‘क्लाउड फोन’, ‘परदेशी नंबर’, ‘अमर्याद आयएसडी’ अशा नावांनी हिंजवडी, खराडी, बाणेर भागातल्या लहान कार्यालयांना सध्या बऱ्याच योजना विकल्या जातात. काही पूर्ण कायदेशीर, काही अर्धवट, काही सरळ बेकायदा. विकणारा सगळ्यांना ‘व्हीओआयपी’च (इंटरनेटवरून आवाज) म्हणतो, त्यामुळे घेणाऱ्याला फरक कळत नाही. नियामक आणि पर्यायी कॉलिंगवाले आजवर कशावरून कोर्टात गेले हे समजलं, तर करारात काय पाहायचं ते कळेल. म्हणून हा धागा.

सुरुवात कॉलबॅकपासून करू. १९९०च्या दशकात परदेशी कॉलचे दर देशागणिक प्रचंड वेगळे होते. अमेरिकेतून भारतात फोन करणं स्वस्त, इथून तिकडे करणं महाग. कॉलबॅकवाल्यांनी युक्ती काढली: ग्राहकाने अमेरिकेतला एक नंबर फिरवायचा, रिंग वाजली की ठेवून द्यायचा. कॉल पूर्णच झाला नाही, म्हणून पैसे शून्य. तिकडचं यंत्र मग उलटा फोन करून डायल टोन देणार आणि सगळं बिल अमेरिकी दराने लागणार. इतर देशांच्या सरकारी कंपन्यांचं म्हणणं असं की आमचं जाळं निरोप द्यायला फुकट वापरलं गेलं. अमेरिकेचा दूरसंचार नियामक असलेल्या एफसीसीने १९९४ मध्ये ही पद्धत मान्य केली. १९९५ मध्ये मात्र एक अट पक्की केली: ज्या देशाने कायद्याने स्पष्ट बंदी घातली आहे, तिथे अमेरिकी कंपनीने ही सेवा द्यायची नाही. भारत तेव्हा बंदी असलेल्या देशांत होता. परदेशी कॉलची मक्तेदारी व्हीएसएनएल या कंपनीकडे होती आणि ती ३१ मार्च २००२ ला संपली.

दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल २००२ पासून, इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण कुंपण घालून. संगणकावरून संगणकावर बोला, भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. भारतातल्या साध्या फोनला मात्र हात लावायचा नाही.

ते कुंपण हाच या धाग्याचा विषय. कॉल इंटरनेटवरून गेला म्हणून सहसा कोणी कोर्टात जात नाही. तो सार्वजनिक फोन नंबरच्या जाळ्याला जिथे टेकतो, तिथे भांडण सुरू होतं.

नारायणपेठी

तारघरकाका, मग व्हॉट्सॲपवर रोज तासतास बोलतो ते चालतं, आणि त्याच इंटरनेटवरून समोरच्याच्या मोबाईल नंबरवर फोन लावला तर परवाना लागतो, असं? तंत्र तर एकच आहे. दोन्हीकडे आवाजाची पाकिटंच जातात.

सिप_ट्रंक

नारायणपेठी, तंत्र एकच आहे हे खरं, पण शेवटचा टप्पा वेगळा आहे.

ॲप ते ॲप कॉलमध्ये दोन्ही टोकं इंटरनेटवरच असतात. मधे कुठलीही टेलिफोन कंपनी तो कॉल ‘उतरवून’ घेत नाही. कॉल ०२० ने सुरू होणाऱ्या लँडलाइनवर किंवा दहा आकडी मोबाईलवर वाजवायचा, तर कुणीतरी परवानाधारक कंपनी तो इंटरनेटवरून घेऊन आपल्या स्विचमध्ये टाकते. तिथे तीन गोष्टी एकदम येतात. एक, उतरवण्याचं शुल्क कोणाला किती. दोन, समोरच्याच्या पडद्यावर कोणाचा नंबर दिसणार आणि तो खरा आहे याची हमी कोणाची. तीन, तपास यंत्रणेने विचारलं तर नोंद कोणाकडे मिळणार.

पैशाचं गणित भारतात कसं बदलत गेलं ते पाहा. देशांतर्गत मोबाईल कॉल उतरवण्याचं शुल्क १४ पैसे होतं, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. त्यामुळे देशातल्या देशात चोरवाटेने कॉल उतरवून उतरणावळीचे पैसे वाचवण्यात आता काही उरलेलं नाही. परदेशातून येणाऱ्या कॉलचं शुल्क मात्र आहे. ते ५३ पैशांवरून १ फेब्रुवारी २०१८ पासून ३० पैसे झालं आणि मे २०२० पासून ३५ ते ६५ पैसे मिनिट या पट्ट्यात कंपन्यांनी आपसात ठरवायचं असं झालं. अमर्याद प्लॅनच्या सिमवरून स्थानिक कॉल फुकट, परदेशी कॉलला ३५ ते ६५ पैसे. सिम बॉक्सचा, म्हणजे परदेशी कॉल इथल्या सिमवरून स्थानिक म्हणून उतरवणाऱ्या खोक्याचा, सगळा धंदा या फरकावर चालतो.

कलम_वीस

कायद्याची बाजू मांडतो.

१८८५च्या तार कायद्याच्या कलम ४ नुसार तारयंत्रणा उभी करून चालवण्याचा एकाधिकार केंद्र सरकारचा, बाकी सगळे परवान्याने. कलम २० खाली विनापरवाना बिनतारी यंत्रणेला तीन वर्षांपर्यंत कैद होती. जुन्या बहुतेक खटल्यांत हीच कलमं दिसतील. आता दूरसंचार कायदा, २०२३ आला आहे. तो एका दिवसात लागू झालेला नाही, टप्प्याटप्प्याने होतोय. पहिला टप्पा २६ जून २०२४ ला आला आणि त्यात गुन्ह्यांचं कलम ४२ होतं. अधिकृततेशिवाय सेवा दिली किंवा जाळं उभारलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नेहमी दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे ग्राहकाची जबाबदारी. सेवा अनधिकृत आहे हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवं अशी परिस्थिती असून ती वापरली, तर तिसऱ्या अनुसूचीत दहा लाखांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. म्हणजे ‘आम्ही फक्त घेणारे’ हा बचाव पुरत नाही. बाजारभावाच्या मानाने अशक्य वाटावा असा दर, बिलावर जीएसटी क्रमांक नाही, करारावर परवान्याचा उल्लेख नाही, या गोष्टी ‘माहीत असायला हवं होतं’ या शब्दांत बसवल्या जातात.

आता दाद कुठे मागायची ते. टीडीसॅट हे २००० सालच्या दुरुस्तीतून आलेलं दूरसंचार वादांचं न्यायाधिकरण दिल्लीत आहे. परवाना देणारं सरकार आणि परवानाधारक, दोन सेवा कंपन्या, किंवा कंपनी आणि ग्राहकांचा गट, असे वाद तिथे चालतात. एकट्या ग्राहकाची तक्रार तिथे जात नाही, त्यासाठी ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१३ ला बीएसएनएल विरुद्ध ट्राय (भारताचा दूरसंचार नियामक) या प्रकरणात आणखी एक रेघ ओढली: ट्रायने केलेले विनियम वैध आहेत की नाहीत हे टीडीसॅट तपासू शकत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावी लागेल. चुकीच्या दारात गेलेल्या अर्जात वर्ष दोन वर्षं सहज जातात. पुण्यातल्या माणसाचं उच्च न्यायालय म्हणजे मुंबई. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही.

खराडी_नोड

कलम_वीस यांना पुस्ती म्हणून बाहेरच्या देशांतले तीन निकाल, कारण आपल्याकडचे युक्तिवाद बऱ्याचदा तिथूनच येतात.

अमेरिकेत २००४ हे वर्ष महत्त्वाचं. फेब्रुवारीत एफसीसीने पल्व्हर डॉट कॉमच्या सेवेबद्दल सांगितलं की ही फक्त सभासदांमध्ये, इंटरनेट ते इंटरनेट चालते, म्हणून ती टेलिफोन सेवा नाही. एप्रिलमध्ये एटी अँड टीबद्दल अगदी उलट. त्यांचा ग्राहक साध्या फोनवरून बोलत होता, पलीकडेही साधाच फोन, फक्त मधला प्रवास आयपीवर. एफसीसी म्हणाली, ही टेलिफोन सेवाच आहे, स्थानिक कंपन्यांचं शुल्क भरा. हे दोन आदेश शेजारी ठेवले की नारायणपेठींच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

व्होनेजचं प्रकरण यांच्या मधलं. मिनेसोटा राज्याच्या आयोगाने २००३ मध्ये सांगितलं की तुम्ही टेलिफोन कंपनी आहात, राज्याचं प्रमाणपत्र घ्या. फेडरल न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये ते अडवलं. नोव्हेंबर २००४ मध्ये एफसीसीने ठरवलं की या सेवेत ग्राहक कुठे बसलाय हे वेगळं काढता येत नाही, म्हणून राज्यांनी यात पडू नये. अपील न्यायालयाने २००७ मध्ये तो आदेश कायम ठेवला. कंपनी जिंकली, पण मोकळी सुटली नाही. जून २००५ मध्ये एफसीसीने अशा सेवांना १२० दिवसांत आणीबाणीचा ९११ कॉल ठिकाणासह पोचवायची सक्ती केली. नंबर दिलात, तर नंबरसोबतची कर्तव्यंही घ्या, असा तो हिशोब.

युरोपात स्काइप विरुद्ध बेल्जियमचा नियामक. स्काइपआउट म्हणजे संगणकावरून साध्या फोनवर करायची पैशाची सेवा. नियामक म्हणाला नोंदणी करा, कंपनीने केली नाही, २०१६ मध्ये २,२३,४५४ युरो दंड झाला. कंपनीचं म्हणणं: आम्ही सॉफ्टवेअर देतो, सिग्नल वाहून नेतात त्या दुसऱ्या कंपन्या. ५ जून २०१९ ला युरोपीय न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कॉल उतरवण्यासाठी टेलिफोन कंपन्यांशी करार तुम्ही केलेत, त्यांना पैसे तुम्ही देता, ग्राहकापुढे जबाबदार तुम्ही, म्हणजे सेवा तुमची. आणि आठवडाभरात, १३ जूनला, त्याच न्यायालयाने जीमेलबद्दल सांगितलं की ती अशी सेवा नाही.

माझ्या मते स्काइपचा निकाल सगळ्यांत उपयोगी आहे. ‘उतरवण्याचा करार कोणी केला?’ हा एक प्रश्न विचारला की निम्मी प्रकरणं सुटतात.

भोसरी_एमआयडीसी

माहिती चांगली आहे, आता कारखान्याच्या भाषेत विचारतो. भोसरीत कार्यालय आहे, तिथे पीआरआय लाइन (एकाच वेळी ३० कॉल नेणारी टेलिफोन लाइन) आहे. बंगळुरूला शाखा आहे, तिथेही पीआरआय. दोन्हीकडचे ईपीएबीएक्स (कार्यालयातले अंतर्गत एक्स्चेंज) आयपीवर आहेत आणि मधे लीज लाइन (भाड्याची खासगी लाइन) आहे. भोसरीत आलेला ग्राहकाचा फोन बंगळुरूच्या माणसाच्या डेस्कवर ट्रान्स्फर केला तर ते बेकायदा? विक्रेता म्हणतो ‘सगळे करतात’.

सिप_ट्रंक

विक्रेत्याचं ऐकू नका. इथे खूप बारकावे आहेत, सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन शाखांमधला अंतर्गत बोलण्याचा मार्ग, म्हणजे डेस्क ते डेस्क, हा बंद गटाचा कॉल आहे. त्याला अडचण नाही. भोसरीतल्या डेस्कवरून भोसरीच्या पीआरआयने पुण्यात फोन, त्यालाही नाही. अडचण या दोन मार्गांना एकत्र बांधल्यावर येते. भोसरीतला माणूस खासगी लाइनवरून बंगळुरूच्या ईपीएबीएक्सवर जातो आणि तिथल्या पीआरआयमधून बंगळुरूतल्या बाहेरच्या माणसाला स्थानिक कॉल म्हणून फोन लावतो. लांब पल्ल्याच्या परवानाधारकाला त्यात वगळलं गेलं. याला टोल बायपास म्हणतात आणि तो निषिद्ध आहे. उलट्या दिशेने, बाहेरून आलेला कॉल ट्रान्स्फर करून दुसऱ्या शहरात नेणं, हाही त्याच चौकटीत तपासला जातो.

याच नियमामुळे मोठ्या ईपीएबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ नावाची सोय आली. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये ती आहे. प्रत्येक फोनला आणि प्रत्येक गेटवेला (बाहेरच्या लाइनच्या दाराला) जागा नेमायची: पुणे, बंगळुरू. मग नियम लिहायचे: पुण्याचा गेटवे ते पुण्याचा फोन, चालेल, पुण्याचा गेटवे ते बंगळुरूचा फोन, नाही, फोन ते फोन, कुठूनही कुठेही चालेल.

चुका होतात त्या अशा:

सोय मुळात बंद असते, ती चालू करायचं राहून जातं. नियम लिहिलेले असतात, पण लागूच नसतात.

ज्या उपकरणाला जागा नेमलेली नाही त्याला नियम लागत नाही. नवीन फोन जोडले, जागा भरली नाही, आणि भिंतीला भोक पडलं. दर महिन्याला ‘जागा नसलेली उपकरणं’ अशी यादी काढावी.

थेट कॉल अडतो, पण कॉन्फरन्स अडत नाही अशी मांडणी. पुण्याचा बाहेरचा ग्राहक, बंगळुरूचा डेस्क आणि पुण्याचा व्यवस्थापक असे तिघे एका कॉन्फरन्समध्ये आले की तोच मार्ग मागच्या दाराने तयार होतो. ट्रान्स्फर, कॉन्फरन्स, कॉल फॉरवर्ड, कॉल पार्क हे चारही वेगवेगळे करून पाहिले पाहिजेत.

कॉल फॉरवर्ड तर सगळ्यांत फसवा. बंगळुरूच्या माणसाने आपला डेस्क फोन स्वतःच्या मोबाईलवर वळवला, की पुण्याहून आलेला अंतर्गत कॉल बंगळुरूच्या पीआरआयने बाहेर पडतो. कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं, पण सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदींत) दिसतो तो बायपासच.

हडपसर_बीपीओ

एक दुरुस्ती. सिप_ट्रंक यांनी लिहिलेलं साध्या कार्यालयाला तंतोतंत लागू आहे. कॉल सेंटरसाठी, म्हणजे ओएसपी (दूरसंचार साधनांवर सेवा देणारे ‘इतर सेवादाते’) म्हणून जे मोडतात त्यांच्यासाठी, चित्र बरंच सैल झालं आहे.

२००८च्या अटींमध्ये नोंदणी, बँक गॅरंटी, देशी आणि परदेशी कामाच्या वेगळ्या यंत्रणा असा सगळा जाच होता. एकाच मजल्यावर दोन ईपीएबीएक्स ठेवावे लागत. ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणी आणि बँक गॅरंटी काढली, आणि घरून काम करणाऱ्याला कार्यालयाचाच दूरचा एजंट मानलं. २३ जून २०२१ च्या सूचनांनी देशी आणि परदेशी हा भेदच काढला, ईपीएबीएक्स सामायिक करायला आणि देशाबाहेर ठेवायलाही परवानगी दिली. यंत्र परदेशात असेल तर सीडीआरची प्रत भारतात ठेवायची.

पण टोल बायपासची बंदी तिथेही उठलेली नाही. नोंदणी गेली म्हणजे नियम गेले असा समज मगरपट्ट्यापासून हिंजवडीपर्यंत पसरला आहे, तो चुकीचा आहे. सीडीआर किमान एक वर्ष ठेवायचेच आहेत आणि मागितल्यावर द्यायचे आहेत.

भोसरी_एमआयडीसी

म्हणजे आम्ही ओएसपी नाही, आम्हाला सिप_ट्रंक यांचाच नियम. आणि ट्रान्स्फर हवंच असेल तर?

हडपसर_बीपीओ

तर दोन वेगळ्या पीआरआय आणि मधली खासगी लाइन हे जुनं बांधकाम सोडा. देशभर परवाना असलेल्या कंपनीकडून केंद्रीय सिप ट्रंक (इंटरनेट पद्धतीने येणारी फोन लाइन) किंवा त्यांच्याच जागेत चालणारा होस्टेड ईपीएबीएक्स घ्या. कॉल एका शहरातून दुसऱ्या शहरात नेण्याचं काम मग परवानाधारक स्वतःच्या जाळ्यात करतो, तुम्ही नाही. करारात हे वाक्य लिहून घ्या: ‘शहरांतर्गत आणि शहराबाहेरील वहन सेवादात्याच्या अधिकृततेखाली होईल.’ ते लिहून द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तो कॉल कुठून नेतो ते त्यालाही सांगायचं नाहीये असं समजा.

जोडीला बँडविड्थ तपासा. जी.७११ कोडेकचा (आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतीचा) एक कॉल इथरनेटवर सगळ्या वेष्टनासकट सुमारे ८७ किलोबिट दर सेकंदाला घेतो. एका पीआरआयचे ३० कॉल म्हणजे प्रत्येक दिशेला साधारण २.६ मेगाबिट. जी.७२९ घेतलात तर एक कॉल ३१ किलोबिटच्या आसपास येतो, पण आवाजाचा दर्जा उतरतो.

नारायणपेठी

सिम बॉक्सबद्दल सविस्तर लिहा ना कोणीतरी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोंढव्यात एटीएसने बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडल्याच्या बातम्या होत्या. एका भाड्याच्या जागेत एक्स्चेंज कसं काय बसतं?

तारघर

आकाराने ते बुटांच्या खोक्याएवढंही असू शकतं. एका बाजूला इंटरनेट, दुसऱ्या बाजूला ८, १६ किंवा ३२ मोबाईल पोर्ट आणि अँटेना. आखातातून निघालेला कॉल इंटरनेटवरून या खोक्यापर्यंत येतो आणि इथल्या सिमवरून स्थानिक कॉल म्हणून बाहेर पडतो. घेणाऱ्याच्या पडद्यावर +९७१ ऐवजी भारतातला दहा आकडी नंबर. सरकारचं आणि कंपनीचं शुल्क बुडतं. त्याहून गंभीर म्हणजे मूळ कॉलर पुसला जातो. खंडणी, धमकी, ‘डिजिटल अटके’ची फसवणूक यांचा माग त्या खोक्यापाशी येऊन थांबतो.

पकडतात कसं? सिम जागेवरून हलत नाही, चोवीस तास एकाच टॉवरच्या एकाच सेक्टरवर. जाणारे कॉल शेकडो, येणारे जवळपास शून्य. प्रत्येक कॉल वेगळ्या माणसाला, तोच नंबर पुन्हा क्वचित. एसएमएस नाही, डेटा नाही. आयएमईआय, म्हणजे उपकरणाचे ओळख क्रमांक, एका मालिकेतले किंवा बनावट. शिवाय कंपन्या स्वतः परदेशातून आपल्याच चाचणी नंबरवर कॉल टाकतात आणि पडद्यावर कुठला नंबर आला ते पाहतात. देशी मोबाईल नंबर दिसला की ते सिम सापडलं.

त्यांची उत्तरंही आहेत: सिम फिरवत ठेवणारी सिम बँक, मुद्दाम घातलेले येणारे कॉल. म्हणून शेवटी माणसं लागतात. जागामालकांनी भाडेकराराची पोलीस पडताळणी करावीच. तीन चार ब्रॉडबँड जोडण्या, दिवसरात्र चालू राहणारं बंद खोलीतलं यंत्र, इन्व्हर्टरचा मोठा बॅकअप, खिडकीला अँटेनांचा झुपका आणि राहणारं कोणी नाही, हे एकत्र दिसलं तर विचारा. परदेशातल्या नातेवाइकाचा फोन भारतीय नंबरवरून आलेला दिसला तर संचार साथी संकेतस्थळावर त्याची नोंद करायची सोय आहे. कॉलची तारीख आणि वेळ टिपून ठेवा, त्यावरूनच माग निघतो.

एका व्यक्तीच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम नकोत ही मर्यादा याच कारणाने आहे. आपल्या नावावर किती आहेत हेही संचार साथीवर दिसतं. दर सहा महिन्यांनी पाहा.

कलम_वीस

तारघर यांच्या मुद्द्याला जुना संदर्भ आहे. २००३ नंतर ग्रामीण लँडलाइनचा तोटा भरून काढायला ‘ॲक्सेस डेफिसिट’ शुल्क लावलं होतं. परदेशातून येणाऱ्या कॉलवर २००४ मध्ये ते मिनिटाला सव्वाचार रुपये होतं. त्या काळात परदेशी कॉलचा मूळ नंबर बदलून तो स्थानिक दाखवल्याचे आरोप मोठ्या परवानाधारकांवरही झाले आणि टीडीसॅटपर्यंत गेले. २००८ मध्ये ते शुल्क संपलं. सव्वाचार रुपये जिथे वाचतात तिथे लपवाछपवी होणारच. दर कमी करणं हाही एक प्रकारचा बंदोबस्तच आहे, आणि नियामकांनी तो फार उशिरा वापरला असं माझं ठाम मत आहे.

खराडी_नोड

इंटरनेट टेलिफोनीचंही तेच. ट्रायने कुंपण काढायची शिफारस १८ ऑगस्ट २००८ ला केली होती. सरकारने ती घेतली नाही. पुन्हा शिफारस २४ ऑक्टोबर २०१७ ला, आणि परवान्यात बदल जून २०१८ मध्ये. दहा वर्षं! त्यानंतर बीएसएनएलची विंग्स ही इंटरनेट टेलिफोनी सेवा आली, मग खासगी कंपन्यांचं वायफाय कॉलिंग. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेचा या सगळ्याला विरोध होता, कारण कॉल दुसऱ्याच्या वायफायवरून जाणार आणि टॉवरवर खर्च यांनी केलेला.

आणि डिसेंबर २०१४ आठवा. एका मोठ्या मोबाईल कंपनीने व्हीओआयपीसाठी वेगळा डेटा दर जाहीर केला, लोक खवळले, काही दिवसांत मागे घ्यावा लागला. त्यानंतर मार्च २०१५ चं ट्रायचं सल्लापत्र, लाखो ईमेल, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या डेटा दरांवर बंदी. ॲप कॉलिंग आज इतकं सहज आहे त्याचं श्रेय त्या बंदीला आहे. मोरोक्कोत २०१६ मध्ये ॲप कॉल महिनोन्महिने बंद होते, पनामात २००२ मध्ये २४ पोर्ट बंद करायचा आदेश निघाला होता. आपल्याकडे तसं झालं नाही.

कलम_वीस

खराडी_नोड, अर्धं मान्य. ट्रायने १४ सप्टेंबर २०२० ला सांगितलं की ॲपसाठी वेगळी चौकट सध्या नको. पण जुलै २०२३ मध्ये त्याच विषयावर पुन्हा सल्लापत्र काढलं. नव्या कायद्यातली ‘दूरसंचार’ची व्याख्या इतकी रुंद आहे की वाद पुन्हा येणार. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने संदेश ॲपना निर्देश दिले: ॲप त्या नंबरच्या सिमशी सतत बांधलेलं हवं, ९० दिवसांत, संगणकावरचं वेब सत्र सहा तासांनी बंद व्हावं. ॲप नंबरला टेकतं ते फक्त ओळखीपुरतं, कॉल उतरवण्यासाठी नाही. तरी नियामक तेवढ्या धाग्याला धरून आत आला. माझ्या मते फसवणूक रोखायचा हेतू खरा आहे, पण कार्यालयात वेब सत्रावर ग्राहकसेवा चालवणाऱ्यांची अडचण मोजलेली दिसत नाही.

भोसरी_एमआयडीसी

शेवटचा प्रश्न. उद्या विभागाची नोटीस आली, तर टेबलावर काय काय ठेवायचं?

कलम_वीस

पुणे ‘महाराष्ट्र’ परवाना क्षेत्रात येतं, मुंबईचं क्षेत्र वेगळं. नोटिशीवर कुठल्या क्षेत्राचा उल्लेख आहे, कुठलं कलम लावलंय आणि उत्तराची मुदत किती, हे तिन्ही पहिल्या दिवशी वाचा. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी लेखी वाढ मागा.

मग एका पानावर कॉलचा नकाशा काढा. प्रत्येक रेषेवर लिहा: कुठून निघतो, कोणाच्या लाइनवरून जातो, सार्वजनिक जाळ्याला कुठे टेकतो, त्या ठिकाणी परवाना कोणाचा. एखाद्या रेषेवर परवानाधारकाचं नाव लिहिता आलं नाही तर तीच तुमची अडचण आहे, आणि ती नोटिशीआधी सापडलेली बरी. नकाशाला जोडून सेवादात्याच्या परवान्याची प्रत, वर्षभराची बिलं, करार, सीडीआर आणि ईपीएबीएक्सच्या मांडणीची तारखेसह प्रत.

सीडीआर मूळ स्वरूपात द्या. एक्सेलमध्ये स्तंभ नीटनेटके केलेली प्रत दिली की छेडछाडीचा संशय येतो. नोटीस आल्यावर ईपीएबीएक्सची मांडणी बदलू नका. बदलावीच लागली तर आधीची प्रत काढून, बदलाची नोंद करून.

सिप_ट्रंक

आणि नोटिशीची वाट न बघता अर्ध्या तासात करता येणारी तपासणी.

कार्यालयातून स्वतःच्या मोबाईलवर फोन लावा. पडद्यावर तुम्हाला दिलेला ०२० चा नंबरच दिसला पाहिजे. अनोळखी मोबाईल नंबर दिसला तर ट्रंक बंद करा आणि विक्रेत्याला लेखी विचारा. पाच वेळा लावा. दरवेळी वेगळा नंबर येत असेल तर पलीकडे सिम बँक आहे.

मग ईपीएबीएक्सवरून मुद्दाम तुमचा नसलेला नंबर कॉलर म्हणून पाठवून स्वतःच्याच मोबाईलवर एक कॉल करा. नीट चालवलेली ट्रंक तो नाकारते, बहुधा ४०३ उत्तर येतं, नाहीतर त्या जागी तुमचाच मूळ नंबर घालते. चुकीचा नंबर जसाच्या तसा गेला तर सेवादाता काही तपासत नाही, आणि उद्या तुमच्या नंबरवरूनही कोणी कॉल करू शकेल.

परदेशातल्या सहकाऱ्याला तुमच्या ०२० नंबरवर फोन करायला सांगा आणि त्याचा देशाचा कोड दिसतो का पाहा.

११२ बद्दल सेवादात्याला आधीच लेखी विचारून घ्या. इंटरनेट टेलिफोनीत आणीबाणीचा कॉल ठिकाणासह पोचेलच असं नाही. पोचत नसेल तर प्रत्येक मजल्यावर एक साधा मोबाईल चार्ज करून ठेवा आणि फोनवर तशी चिठ्ठी लावा.

कॉल लागतो पण आवाज एकाच बाजूने येतो, किंवा अर्ध्या मिनिटात तुटतो, तर ‘सरकारने ब्लॉक केलं’ असं विक्रेता म्हणेल. बहुतेक वेळा राउटरमधलं सिप एएलजी (सिप कॉलच्या पाकिटांत बदल करणारी सोय) चालू असतं, किंवा आवाजाचे आरटीपी पोर्ट फायरवॉलमध्ये उघडलेले नसतात. एएलजी बंद करा, सेवादात्याने दिलेली पोर्टची मर्यादा उघडा, तीही फक्त त्याच्याच आयपी पत्त्यांसाठी. सगळ्या जगासाठी ५०६० (सिपचा पोर्ट) उघडा ठेवलात तर रात्रीत कोणीतरी तुमच्या ट्रंकवरून परदेशी कॉल करील आणि सीडीआरमध्ये नाव तुमचंच येईल. आयएसडी लागत नसेल तर ट्रंकवरच बंद करून घ्या. लागत असेल तर देशांची यादी आणि दिवसाची रकमेची मर्यादा सेवादात्याकडून लावून घ्या.